फोटोत राहून गेलेला माणूस



‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधण्याचा योग माझ्या नशिबी नव्हता. वडिलांनी बांधलेल्या घराचे पत्रे तेवढे मी बदलले. लग्न मात्र दोनदा पाहिलं. गैरसमज नको, माझं स्वतःचं एकदाच झालं आहे, १९९६ साली. दुसरं माझ्या मुलीचं, २०२३ साली. दोन्ही लग्नं सांगलीतच झाली. हॉल, जेवण, कपडे, दागिने यांबद्दल सल्ला देणारे पुष्कळ लोक भेटतात. आज मी बोलणार आहे ते अशा माणसाबद्दल, ज्याला ठरवायला आपण सगळ्यात कमी वेळ देतो आणि ज्याचं काम सगळ्यात जास्त दिवस टिकतं. फोटोग्राफरबद्दल. त्याला कसं निवडावं, काय विचारावं आणि मुख्य म्हणजे आपण त्याला काय सांगावं, याबद्दल.

हा विषय एका कवीनं का घ्यावा, असं कोणी म्हणेल. कारण एवढंच, की एका फोटोसाठी मी पंचवीस वर्षं हळहळतो आहे. तो फोटो खराब आला असं नाही. तो काढलाच गेला नाही.

माझ्या लग्नाचा फोटोग्राफर पाच मिनिटांत ठरला होता. अब्बा एसटीत वाहक होते. स्टँडजवळच्या एका स्टुडिओवाल्याशी त्यांची तोंडओळख होती. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून येताना ते त्याच्याकडे थांबले. मी बरोबर होतो. अब्बांनी विचारलं, “किती रोल लागतील?” तो म्हणाला, “तीन पुरतील, चाचा.” एका रोलमध्ये ३६ फोटो, तीन रोलचे १०८. तिकिटं फाडणाऱ्या माणसाला हिशेबाला वेळ लागत नाही. अब्बांनी इसार दिला आणि आम्ही घरी आलो.

तेव्हा रोल म्हणजे पैसा होता. बटण दाबलं की खर्च. त्यामुळे फोटोग्राफर मोजून मापून फोटो काढायचा. पोरं फारच मागे लागली तर तो नुसता फ्लॅश उडवायचा. पोरं खूश, रोल शाबूत. माझ्या लग्नातला फोटोग्राफर प्रामाणिक होता. स्टेजवर जो जो आहेर घेऊन आला, त्याचा त्याचा फोटो त्यानं काढला. मोठ्या मामांचा काढला, सरपंचांचा काढला, माझ्या मुख्याध्यापकांचा काढला. महिन्याभरात अल्बम आला. चिकट पानांवर फोटो आणि वर पातळ प्लॅस्टिक, तसला. अब्बांनी तो सावकाश चाळला, “छान आलेत” म्हणाले आणि कपाटात ठेवून दिला.

१९९९ साली अब्बा गेले. चार दिवसांनी कागदपत्रांसाठी त्यांचा फोटो हवा होता. नोकरीच्या ओळखपत्रावर एक होता, पण त्यातला अर्धा गाल शाईच्या गोल शिक्क्याखाली गेला होता. मग मी लग्नाचा अल्बम काढला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. १०८ फोटोंत माझे वडील नव्हते.

नसणारच. लग्नाच्या दिवशी ते स्टेजकडे फिरकलेच नव्हते. पहाटेपासून बावर्च्याबरोबर देगांपाशी उभे होते. दुपारी दस्तरखानावर कोणाला काय हवं, काय नको, ते बघत होते. परगावच्या पाहुण्यांना रिक्षा करून देत होते. फक्त एका फोटोच्या कडेला पांढऱ्या बाहीतला एक हात होता, मनगटावर जुनं घड्याळ आणि हातात ताट. ते घड्याळ मी ओळखलं. माझ्या लग्नातला माझ्या वडिलांचा फोटो तेवढाच.

यात फोटोग्राफरचा दोष काय? त्याला आम्ही तारीख सांगितली, वेळ सांगितली, रोल सांगितले, भाव केला. ‘हे माझे वडील, यांना एकदा तरी धरून स्टेजवर आण,’ हे त्याला कोणीच सांगितलं नाही. नवऱ्यामुलानं सांगायला हवं होतं. नवरामुलगा मान खाली घालून, सेहरा सांभाळत बसला होता. फोटोग्राफर आपल्या घरात एक दिवसासाठी आलेला परका माणूस असतो. आपला जीव कोणात अडकला आहे, हे त्याला दिसण्यासारखं नसतं. त्याला तिथे गर्दी दिसते. त्या गर्दीतली आपली माणसं दाखवणं हे आपलं काम आहे. मला ते फार उशिरा कळलं. म्हणून मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी घरात सांगून टाकलं, की हॉल कोणताही घ्या, जेवण काहीही ठेवा, फोटोग्राफर मी ठरवणार.

मी बाजारात निघालो आणि २७ वर्षांत जग किती बदललं, ते पाहिलं. आता रोल नाही. तीन तीन हजार फोटो निघतात. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी पॅकेजं असतात. साधे फोटो काढणारा वेगळा, न सांगता टिपणारा कँडिडवाला वेगळा, व्हिडिओवाला वेगळा आणि वरून घोंघावणारा ड्रोन वेगळा. एका दुकानात मला मोबाइलवर एक छोटी फिल्म दाखवली. धुकं होतं, उडणारी ओढणी होती, घोडा होता. मी विचारलं, “लग्न कुठं आहे यात?” तो मुलगा हसला. म्हणाला, “सर, हे प्री-वेडिंग आहे.”

मी त्याला म्हटलं, “बाबा, मला कुठल्याही एका लग्नाचे सगळे फोटो दाखव. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या घरच्यांची हरकत नसेल असं एखादं लग्न.” त्याची दाखवायची तयारी नव्हती. श्रोतेहो, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. पन्नास लग्नांतले निवडक पन्नास फोटो कोणाचेही सुंदर दिसतील. आमच्या कवितेतही तसंच असतं. निवडक कवितांवरून कवीची परीक्षा होत नाही, त्याची वही बघावी लागते. एका लग्नाचा पूर्ण अल्बम पाहिला की कळतं, की भर दुपारी मांडवात या माणसानं काय केलं, रात्री हॉलच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत काय केलं, म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढलेत की नाहीत. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात ऊन गाळून येतं आणि सगळ्यांचे चेहरे कापडाच्याच रंगाचे दिसतात. अनुभवी फोटोग्राफर अशा वेळी माणसांना मांडवाच्या कडेला, उघड्या उजेडात आणतो. नवखा तिथेच उभं करतो आणि आपण कावीळ झाल्यासारखे दिसतो.

दुसरी गोष्ट विचारायची ती ही, की लग्नाला प्रत्यक्ष कोण येणार? पुष्कळदा काम दाखवतो मालक आणि लग्नाला येतो कालपरवा लागलेला पोऱ्या. त्यात पोऱ्याचा दोष नाही, तोही शिकतच असतो. पण ज्याचं काम पाहून आपण ठरवलं तोच येणार की नाही, हे आधी माहीत असावं. तिसरी गोष्ट, फोटो सुरक्षित कसे ठेवणार? आता बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकदमच उतरतो. एक कार्ड बिघडलं तरी दुसरं असतं. असा कॅमेरा आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

चौथी गोष्ट कागदाची. किती तास थांबणार, किती माणसं येणार, अल्बमची पानं किती, फोटो कधी मिळणार, जास्तीचा वेळ झाला तर किती पैसे, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या कराव्यात. थोडे पैसे आधी, थोडे लग्नाच्या दिवशी आणि उरलेले अल्बम हातात आल्यावर द्यावेत. प्रत्येक वेळी पावती घ्यावी. ठरल्याप्रमाणे काम झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पण तिथे तोंडी बोलणं सिद्ध करता करता दमछाक होते. आपल्याकडे कागद करायचा म्हटलं की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. वास्तविक आमच्याकडे निकाहसुद्धा कागदावर सह्या करूनच होतो. त्यात मेहर किती, साक्षीदार कोण, सगळं लिहिलेलं असतं. आयुष्यभराच्या नात्याला जर कागद चालतो, तर फोटोग्राफरच्या एका दिवसाच्या नात्याला का चालू नये?

माझ्यापुढे आणखी एक प्रश्न होता. आमच्याकडे लग्नात बायकांची बैठक वेगळी असते. मुलगी तिथेच बसते, मेहंदीची गाणी तिथेच होतात, खरी मजा तिथेच असते. पुरुष फोटोग्राफर तिथे गेला की बायका पदर सावरून गप्प होतात. म्हणजे लग्नाचा अर्धा भाग, आणि तोही जास्त जिवंत, फोटोत येतच नाही. ही अडचण काही नवी नाही. राजा दीनदयाळ यांचं नाव आपण ऐकलं असेल. १८४४ साली जन्मलेले हे थोर छायाचित्रकार हैदराबादच्या निजामांच्या दरबारात होते, पुढे १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला होता. तिथे फोटो काढणारी बाईच होती, एक इंग्रज स्त्री. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका धंदेवाईक माणसानं हे ओळखलं होतं, की फोटो काढणाऱ्यानं समोरच्या माणसाच्या रिवाजाला धक्का न लावता आपली सोय बघावी.

मुलीनंच शोध लावला. तिच्या मैत्रिणीच्या लग्नात कोल्हापूरच्या एका फोटोग्राफर मुलीनं काम केलं होतं. वय तिशीच्या आतबाहेर. ती आमच्या घरी आली. मी माझी प्रश्नांची यादी घेऊन बसलो होतो. पण तिनंच मला जास्त प्रश्न विचारले. “काका, घरात सगळ्यात वयस्कर कोण? कोणाला फोटो काढलेला आवडत नाही? निकाहच्या वेळी मी आणि माझा भाऊ कुठं उभं राहायचं? आणि रागावू नका, पण घरात कोण कोणाशी बोलत नाही?” शेवटच्या प्रश्नावर माझी पत्नी आधी चमकली आणि मग हसायला लागली. ती मुलगी म्हणाली, “काकू, विचारून ठेवलेलं बरं असतं. नाहीतर मी दोन भावांना खांद्याला खांदा लावून उभं करते आणि लग्नात नवीनच वाद सुरू होतो.” त्या प्रश्नाला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

काझीसाहेबांना आम्ही आधीच जाऊन भेटलो. ते म्हणाले, “खुतबा चालू असताना फ्लॅश नको आणि मधून आडवं जाऊ नका. सह्यांच्या वेळी काढा हवे तेवढे.” विचारलं म्हणून एवढं सहज झालं. ऐनवेळी काझींनी फोटोग्राफरवर डोळे वटारावेत आणि वधूपित्यानं मध्ये पडावं, असले प्रसंग मी पाहिलेले आहेत.

बायकांच्या बैठकीत ती एकटी जाणार, हे ठरलं. त्यातले फोटो तिनं आपल्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकायचे नाहीत, हेही कागदावर लिहिलं. याबाबतीत कायदा पुष्कळांना माहीत नसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये असं आहे, की कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर उलट करार नसेल तर त्या फोटोच्या स्वामित्वहक्काचा पहिला मालक पैसे देणारा असतो. ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. छापील फॉर्मवर बारीक अक्षरांत काय लिहिलं आहे ते न वाचता सही केली, की तो हक्क जाऊ शकतो. मी चष्मा पुसून सगळं वाचलं. त्या मुलीनंही ते मजेत घेतलं. म्हणाली, “काका, वाचणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघते आहे.”

आता अम्मीबद्दल सांगतो. अम्मीचं वय तेव्हा ७८. आयुष्यात तिचा एकच फोटो निघाला होता, २००९ साली हजला जाताना पासपोर्टसाठी. तोही तिनं नाइलाजानं काढू दिला. तसबीर काढणं चांगलं नाही, असं तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं. आमच्या समाजात याबद्दल एकच मत आहे असं समजू नका. कोणाच्या घरी भिंती फोटोंनी भरलेल्या असतात, कोणाच्या घरी एकही नसतो, आणि दोन्ही घरं तितकीच नेकीनं नमाज पढतात. कॅमेऱ्याचं भय तर सगळ्यांनाच होतं. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. बडोद्यात त्यांचा धंदा चालला नाही, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, असा समज लोकांत पसरला होता. ज्याला लोकांनी चेहरा द्यायला नकार दिला, त्यानंच पुढे १९१३ साली अख्ख्या देशाला पडद्यावरचे चेहरे दिले.

अम्मीला आम्ही कधी आग्रह केला नाही. पण फोटोग्राफर ठरवायची ही सगळी धावपळ ती खाटेवर बसून ऐकत होती. एका रात्री मला जवळ बोलावून म्हणाली, “बाप का तो नै निकाल्या. मेरा तो निकाल.”

मी काही बोलू शकलो नाही. अल्बममध्ये अब्बा नाहीत, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि तिनंही इतक्या वर्षांत मला विचारलं नव्हतं. तिला अर्थातच माहीत होतं.

फोटोग्राफर मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “लग्नाच्या दिवशी नको, काका. त्या दिवशी आजींना कोणी नीट बसू देणार नाही. मी आदल्या दिवशी लवकर येते.” एखाद्या माणसाचा नीट असा एक फोटो काढणं, ज्याला पोर्ट्रेट म्हणतात, हे लग्नाच्या फोटोंपेक्षा वेगळं काम आहे, हे मला तेव्हा समजलं. माझा स्वतःचा अनुभव वाईट होता. पहिल्या कवितासंग्रहाच्या मलपृष्ठासाठी मी एका स्टुडिओत गेलो होतो. त्यांनी मला पडद्यावरच्या रंगवलेल्या धबधब्यापुढे बसवलं आणि ‘कवी आहात ना, मग हात हनुवटीला लावा’ म्हणून सांगितलं. तो फोटो पाहून एका मित्रानं दाढ दुखते का म्हणून विचारलं होतं.

ती मुलगी आली आणि पहिला अर्धा तास तिनं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. अम्मीजवळ जमिनीवर बसली. चहा घेतला. अम्मीनं तिला ‘बेटी, लग्न झालं का, आई काय करते, पगार किती मिळतो’ असं सगळं विचारलं. मग तिनं अम्मीची खाट खिडकीपाशी सरकवायला सांगितली. फ्लॅश लावला नाही. म्हणाली, “आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना, फ्लॅशचा त्रास होईल. खिडकीचा उजेड पुरे.” अम्मीला काही सुचेना, कुठं बघायचं, हात कुठं ठेवायचे. तेव्हा ती म्हणाली, “आजी, तुम्ही रोज या वेळी काय करता?” अम्मी रोज त्या वेळी सुपारी कातरते. अडकित्ता हातात आल्यावर अम्मीचे हात आपोआप चालू लागले आणि चेहरा मोकळा झाला. दहाबारा फोटो झाले असतील.

अम्मीनं “दाखव” म्हटलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तिनं स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “माझ्या आईसारखी दिसायला लागले मी.” अम्मीच्या आईचा फोटो कुठंच नाही. ती कशी दिसायची, हे सांगणारं आता अम्मीशिवाय कोणी उरलेलं नाही. त्या दिवशी आम्हाला आमच्या नानीची पहिल्यांदा थोडी कल्पना आली.

लग्नासाठी मी एक यादी केली. २२ नावं. नवरा-नवरीची नावं त्यात नव्हती, त्यांचे फोटो निघणारच. मोठी खाला, जिला नीट चालता येत नाही आणि जी एका कोपऱ्यात बसून राहणार. माझ्या शाळेतले दोन मित्र. अब्बांच्या डेपोतले एक चालक, आता ऐंशीच्या घरात. शेजारच्या जोशीकाकू, ज्यांच्या अंगाखांद्यावर माझी मुलगी वाढली. बावर्ची आणि त्याची दोन पोरं. मेहंदी काढणारी मुलगी. प्रत्येक नावापुढे लिहिलं, कोण, कुठं बसणार, कोणाबरोबर फोटो हवा. नुसती यादी देऊनही भागत नाही, कारण परक्या माणसाला चेहरे माहीत नसतात. म्हणून माझ्या पुतण्याला दिवसभर तिच्या भावाबरोबर आणि भाचीला तिच्याबरोबर लावून दिलं. त्यांचं काम एकच, माणूस दाखवायचा आणि नावावर खूण करायची.

आणखी एक सांगतो, लहान वाटेल पण लहान नाही. फोटोग्राफरला वेळेवर जेवायला घाला. पंक्तीचे फोटो काढत तो दोन तास अन्नाच्या वासात उभा असतो आणि पुष्कळ लग्नांत त्याला शेवटी गार झालेलं ताट मिळतं. आम्ही त्या भावाबहिणीला आणि त्यांच्या मदतनिसाला पहिल्याच दस्तरखानावर बसवलं. ती बिर्याणी खात नव्हती, शाकाहारी होती. तिच्यासाठी जोशीकाकूंनी घरून डबा आणला होता.

रुखसतीनंतर ती मुलगी मला म्हणाली, “काका, यादीतली २२ ची २२ माणसं झाली. पण यादीत एक माणूस तुम्ही विसरला होता.” मी घाबरलो. आता कोण राहिलं? ती म्हणाली, “तुम्ही.”

खरंच, माझं नाव मी लिहिलं नव्हतं. आणि दिवसभर मी स्टेजकडे गेलोच नव्हतो. मी देगांपाशी होतो. दस्तरखानावर होतो. पाहुण्यांच्या रिक्षा बघत होतो. मुलीचा बाप दुसरीकडे कुठं असणार? पण तिनं मला तिथे येऊन टिपलं होतं. डोक्यावरची टोपी तिरपी झालेली, हातात झारा, बावर्च्याला काहीतरी ओरडून सांगतो आहे. मला पत्ताही लागला नव्हता. अल्बममध्ये तो फोटो आला तेव्हा माझ्या पत्नीनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “अगदी अब्बांसारखे दिसता.” मी मान हलवली. तसं असेल तर, अब्बांचा राहून गेलेला फोटो कसा आला असता, याचा मला थोडा अंदाज आला.

फोटो निघाले म्हणजे काम संपत नाही. तीन हजारांतून अल्बमसाठी दीडशे निवडायचे असतात आणि ते घरच्यांनीच करायचं असतं. फोटोग्राफर अल्बम देत नाही म्हणून आपण ओरडतो, पण निम्म्या घरांत हा उशीर आपलाच असतो. नणंदेला एक फोटो आवडतो, भावजयीला दुसरा. आम्ही एका रविवारी सगळ्यांना बसवलं आणि संध्याकाळपर्यंत निकाल लावला.

आणि निवडलेले फोटो कागदावर छापून घ्या. संगणकाच्या डिस्कवर एक प्रत आपल्या घरी ठेवा, दुसरी दुसऱ्या गावी. हे मी का सांगतो? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर आमच्या घरात शिरला. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या लग्नाचा अल्बम होता. पाणी ओसरल्यावर उघडला तेव्हा फोटो प्लॅस्टिकला चिकटले होते आणि ओढले की चेहरे प्लॅस्टिकबरोबर निघून येत होते. नंतर कळलं की ओले फोटो असे ओढायचे नसतात. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलके हलके सुटे करायचे आणि सावलीत, चेहऱ्याची बाजू वर करून वाळवायचे. पण तोवर उशीर झाला होता. अब्बांचा तो पांढऱ्या बाहीतला हात, घड्याळ आणि ताट, तेही गेलं. आता मुलीच्या अल्बमची एक डिस्क आमच्याकडे सांगलीत, माळ्यावर आहे आणि दुसरी तिच्या सासरी सोलापुरात.

श्रोतेहो, तुमच्या घरात लग्न असेल तर फोटोग्राफरचा भाव जरूर करा, त्याचं काम पाहा, कागद करा. पण त्याआधी एका संध्याकाळी घरातली सगळी माणसं बसा आणि नावं लिहून काढा. कोण आजारी आहे, कोण म्हातारं झालंय, कोण नेहमी कामात असतं आणि फोटोच्या वेळी कोण मुद्दाम बाजूला होतं. या शेवटच्या माणसाचं नाव सगळ्यात वर लिहा. आणि यादी लिहिणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.

अम्मीचा फोटो आम्ही चौकट करून लावला नाही. तिला भिंतीवर नको आहे. तो तिच्या कुराणशरीफच्या कपाटाखालच्या खणात, पाकिटात ठेवला आहे. अधूनमधून ती खण उघडते, फोटो काढून बघते आणि परत ठेवते. ती त्यात स्वतःला बघते की तिच्या आईला, हे मी विचारलेलं नाही.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)